चुनखडीच्या विटा

विटेचा उगम हा आमच्याकडं दोन मार्कांचा प्रश्न. लातूरच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला, पण एकाही लेकरानं मला त्याहून जास्त मार्कांचं काही विचारलं नाही. आधी हातानं वळून उन्हात वाळवलेली कच्ची वीट, मग साच्यातली, मग भट्टीत भाजलेली पक्की. सिंधू खोऱ्यातल्या विटा एका मापाच्या, उंचीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. लिहा, खाली रेघ मारा, संपलं. माझा तास बहुधा गणिताचे सर मागून घ्यायचे आणि मी तो देऊन टाकायची. इतिहास शिकून कुणी डॉक्टर होत नाही, हे पालकांनी मला तोंडावर सांगितलेलं होतं.

त्या गणिताच्या सरांचं आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं त्यांचं काम आहे. शाळेत असताना हा माणूस फळ्याकडं तोंड करून शिकवायचा आणि मागं पोरं झोपा काढायची. मग लातुरात क्लासचं वारं सुटलं. नांदेड, भोकर, हिमायतनगर, कुठून कुठून आईबाप पोरांना एसटीत घालून आणायला लागले, सोबत पेटी, गादी आणि चिवड्याचा डबा. सरांनी नोकरी सोडली, भाड्याच्या पत्र्याच्या हॉलमध्ये क्लास काढला, आणि दोन वर्षांत तोच माणूस थोर झाला. तोंड अजून फळ्याकडंच, पण आता मागची पोरं जागी राहून सगळं उतरवून घ्यायची. पुढं त्यांच्या ध्यानात आलं की पोरांना शिकवण्यापेक्षा त्यांना झोपायला जागा देण्यात जास्त अर्थ आहे. मग होस्टेल निघालं. एका खोलीत चार कॉट, वर एक पंखा, खिडकीला जाळी. त्यांचं बघून ज्याच्याकडं म्हणून गुंठाभर जागा होती तो होस्टेल बांधायला धावला. दाताचे डॉक्टर, वकील, किराणावाले, सगळे एकदम शिक्षणप्रेमी झाले.

त्यामुळं लातुरात वीट मिळेना. पण विटेला एवढी मागणी यायला आणखी एक कारण होतं, आणि ते सांगताना मला टवाळी जमत नाही.

भूकंपाआधी आमच्या भागात घर म्हणजे दगडमातीचं. भिंती अडीच-तीन हात रुंद, वर लाकडं टाकून त्यावर मातीचं माळवद. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, म्हणजे पावसात गळत नाही. जुना थर कुणी काढायचं नाही. आजेसासऱ्याच्या काळचा थर, त्यावर सासऱ्याच्या काळचा, त्यावर आपला. पाट्या भरून माती वर न्यायचं काम बायांचं, आणि ज्या घराचं माळवद जाड ते घर तालेवार. भूकंप झाला त्या पहाटे ती सगळी माती खाली आली.

माझी थोरली नणंद औशाच्या पलीकडं दिलेली होती. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. नवरा आधीच गेला होता, घरात ती आणि तिची लेक, दोघीच. लेक दहावीला होती. पोरीचं डोकं चांगलं होतं, दहावी झाली की लातूरला माझ्याकडं राहून सायन्सला जायचं, हे ठरलेलं होतं. मी तिच्यासाठी टेबल बघून ठेवलं होतं. त्या पहाटे आक्का म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली होती आणि पोर आत झोपलेली होती. एवढंच झालं. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

माळवद चढवण्यात आक्काचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. शेजारच्या बाया तिला बोलवायला यायच्या. लेकीला बाहेर काढलं तेव्हा तिच्या अंगावरची माती आक्कानं ओळखली. वरचा थर तिनं स्वतः वाहिलेला होता, त्याच उन्हाळ्यात. हे तिनं मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, आणि मग शेंगा फोडत राहिली.

मग शहाणे लोक आले. मोटारीतून यायचे, नाकाला रुमाल लावून ढिगाऱ्यावर चढायचे आणि सांगायचे, दगड वाईट, माती वाईट, तुमची बांधायची पद्धतच अडाणी. ज्यांनी जन्मात घमेलं उचललं नाही ते आम्हाला भिंत कशी असावी ते शिकवायचे. आमचेही लोक काय कमी नव्हते. भूकंपरोधक हा शब्द चहाच्या टपरीवर येऊन बसला. ज्याच्या घराला तडा गेला नाही तो सांगायचा, आमच्या वडिलांनी तशी योजनाच केली होती. आणि सगळ्यांचं एक ठरलं, की इथून पुढं घर विटेचं. वीट म्हणजे सुधारलेला माणूस, दगडमाती म्हणजे मागासलेला. मीसुद्धा वर्गात तेच सांगायला लागले, वर हडप्पाचा दाखला देऊन. हडप्पातली सगळी घरं काही भाजलेल्या विटांची नव्हती, आणि भाजलेली वीट जास्त करून पाण्यापाशी, म्हणजे विहिरीला, गटाराला, न्हाणीला, हे मला माहीत होतं. पण ते प्रश्नात येत नाही, म्हणून सांगितलं नाही.

आक्काला सरकारनं वसवलेल्या नव्या गावात घर मिळालं होतं. तिनं त्याला कुलूप लावलं आणि आमच्या मळ्यात येऊन राहिली. मळा लातूरपासून फार लांब नाही, नांदेडच्या रस्त्याला. तिथं विहिरीजवळ चार पत्र्यांचं शेड मारलं आणि ती त्यात राहू लागली. भिंत असलेल्या घरात ती झोपायची नाही. आमच्या घरी आली तर गच्चीवर नाहीतर ओसरीत. सात-आठ वर्षं अशीच गेली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की हात लावता येत नसे, वादळात एकदा अर्धं शेड उडून ज्वारीत जाऊन पडलं. तिला दम्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना नीट घरात ठेवा. नीट घर म्हणजे काय, ते डॉक्टरांना कोण समजावणार.

शेवटी तिचं मन वळवलं धाकट्या दिरानं. शेती तोच बघायचा. माझा नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी यायचा आणि मत विचारलं की सोमवारी परत जायचा, त्यामुळं घरात निर्णय घेणारी माणसं म्हणजे दीर आणि मी. दिराचं म्हणणं असं, की आपल्याच मळ्यात वीटभट्टी लावू. आधी आक्काची खोली बांधू, उरलेल्या विटा गणिताच्या सरांना देऊ. सरांचं मुलींचं होस्टेल निघालं होतं आणि ते विटेसाठी दारोदार फिरत होते. आक्कानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, माती मी बघणार, थापणार मी, भाजताना मी समोर बसणार. डोळ्यांसमोर झालेली वीट असेल तर झोपेन त्या भिंतीत.

आमच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. भूकंपानंतर पहिल्यांदा ती भिंतीआड झोपायला तयार झाली होती.

भट्टीसाठी दिरानं धर्माबादकडून एक म्हातारा कारागीर आणला. घरची बोली तेलुगू, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. त्याला आम्ही मामा म्हणायचो, तो मला अम्मा म्हणायचा. आल्या दिवशी त्यानं मळ्यात चार ठिकाणी कुदळ मारली. वरची काळी माती बाजूला सारली, कारण ती ऊस लावायला पाहिजे, असं दिराचं फर्मान. तिच्या खालची पिवळट माती मामानं मुठीत घेतली, चोळली, थोडी जिभेला लावली, आणि त्यातून ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे वेचून तळहातावर ठेवले. मग लिंबू मागितलं. लिंबाचा रस पडला तसे खडे फसफसले. मामा म्हणाला, ही चुनखड आहे. भाजली की तिचा चुना होतो, चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि वीट आतून फोडतो. ओढ्याकाठचा गाळ द्या, नाहीतर ही माती बारीक चाळून द्या.

ओढ्याकाठी दिराचा ऊस उभा होता. माती चाळायची तर मजूर दुप्पट लागणार आणि सरांना तर घाई. दीर माझ्याकडं बघायला लागला. घरात शिकलेली मी, त्यातून विटेचा धडा माझ्या विषयातला.

काय सांगू, मला असा चेव आला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या विषयातलं मत विचारत होतं, आणि तेही दोन मार्कांचं नाही. चिंचेखाली उभं राहून मी तास घेतला. सांगितलं की पाच हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठी अशाच मातीच्या विटा पाडल्या, तेव्हा कुणी चाळण्या घेऊन बसलं नव्हतं. अजून त्या विटा टिकून आहेत. एका विटेवर तर कुत्र्याच्या पंजाचा ठसा आहे, ओली असताना वरून गेला असेल. शेजारच्या जिल्ह्यात तेरला जुनं देऊळ उभं आहे ते विटेचंच. सगळं भाजण्यावर असतं, म्हटलं, नीट भाजली की वीट पक्की. सिंधूकाठची माती पुराच्या गाळाची, म्हणजे मामा मागत होता तीच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी धडा शिकवला होता, माती कधी हातात घेतली नव्हती.

मामानं सगळं ऐकून घेतलं. पहिली वीट कुणी भाजली ते तुमच्या पुस्तकात आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही, बहुतेक चुलीभोवतीची माती कडक झालेली बघून कुणाला तरी सुचलं असेल. तो म्हणाला, मग ती बाई असणार, आणि तिच्या चुलीतही पहिल्यांदा खडा फुटला असणार, म्हणून तर पुढच्यांना कळलं. दीर हसला. मीही हसले. अडाणी माणूस, दुसरं काय, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

माझा उत्साह तिथं थांबला असता तरी बरं होतं. मी सुताराकडून हडप्पाच्या मापाचा एक साचा करून घेतला, एकास दोनास चार. त्यातून निघालेली वीट एवढी दांडगी की ती उचलताना मामाच्या कमरेत उसण भरली. उन्हात ती आठ दिवस वाळली नाही, आणि वाळली तेव्हा वाकडी होऊन बसली. अशा पन्नास विटा मी वाया घालवल्या. आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. मला मास्तरीण म्हणून हाक मारायची तिची जुनी सवय, त्या दिवसापासून ती हडप्पाची मास्तरीण म्हणायला लागली. किती वर्षांनी ती अशी हसत होती, म्हणून मी ते नाव चालवून घेतलं.

पुढचे दोन महिने आक्का बदलून गेली. सकाळी लवकर उठून रात्रभर भिजलेला चिखल पायांनी तुडवायची, त्यात राख आणि उसाचं भुसकट मिसळायची. मामा दाखवेल तसा गोळा घेऊन साच्यात आपटायची, वरून तारेनं कापायची, साचा उलटा करून अलगद उचलायची. पहिल्या दिवशी तिच्या विटांचे कोपरे पडायचे. आठवड्यात तिचा हात असा बसला की मामा तिच्या रांगेतल्या विटा दिराला दाखवायचा. कच्च्या विटा उन्हात पसरायच्या, दुसऱ्या दिवशी कडेवर उभ्या करायच्या, मग जाळीदार ढीग. लेकराला कुशीवर वळवावं तशी ती वीट वळवायची. दुपारी जेवताना तिच्या हातापायांवर चिखल वाळलेला असायचा, आणि ती मला सांगायची की खोलीला खिडकी पूर्वेला पाहिजे. खिडकी पाहिजे म्हणणारी आक्का मी विसरूनच गेले होते.

मग भट्टी रचली. विटांच्या थरांमध्ये तुराट्या आणि कोळसा, बाहेरून चिखलाचा लेप. भट्टी धुमसत होती तेवढे दिवस आक्का समोर बाजेवर बसून राहिली. थंड झाल्यावर मामानं वरचा लेप काढला. आत लालभडक विटा. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखण आवाज. दीर उडायचाच बाकी होता. मी मामाकडं बघून म्हटलं, बघा, आमच्या मातीला नावं ठेवत होता. आक्कानं एक वीट हातात घेतली, पदरानं पुसली, आणि परत जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आक्का भोकरला सासरकडच्या भाचीच्या लग्नाला गेली, दोन दिवसांसाठी. ती गेल्यावर मामानं ढिगातल्या तीन वेगवेगळ्या जागांवरून तीन विटा काढल्या आणि पाण्यानं भरलेल्या घमेल्यात टाकल्या. सकाळी आम्हाला बोलावलं. दोन विटा फुटलेल्या होत्या. जागोजागी लाही फुलावी तसा पांढरा चुना फुलून आला होता आणि त्याच्याभोवतीचा विटेचा पापुद्रा उडाला होता. एकीचे हातात घेताच दोन तुकडे झाले.

दिरानं विचारलं, सगळ्याच अशा निघतील का. मामा म्हणाला, काही टिकतील, पण कुठल्या ते पाणी पडल्याशिवाय सांगता येत नाही. भिंत लावली तर गिलाव्याआड दोन-तीन पावसाळे कळणार नाही, मग एका जागेवरून निघायला लागेल. याच्या भिंती बांधू नका, रस्त्याला घाला. दिरानं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी मामाला धर्माबादच्या गाडीत बसवून दिलं. परत येऊन मला म्हणाला, वैनी, ह्यातली एक वीट आक्काच्या खोलीला लावायची नाही. सगळ्या सरांना देऊ, आणि त्याच पैशात आक्कासाठी बाहेरून चांगली वीट आणू. तिला काही कळायचं नाही, वीट विटेसारखीच दिसते. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा.

मी तोंड बंद ठेवलं असतं तर निदान तेवढंच पाप झालं असतं. पण सर स्वतःच आले. नवी गाडी, सफारी, हातात दोन मोबाईल. ढिगाकडं बघितलं आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही भट्टीवर उभ्या होता म्हटल्यावर आम्हाला तपासायची गरज नाही, चांगल्या आहेत ना. मी हो म्हटलं. खणखणीत आहेत, असंही म्हटलं. मनात होतं की आक्काची खोली होऊ दे, एवढ्या वर्षांनी बाई भिंतीत झोपतीय. आणि खरं सांगायचं तर आणखीही काही होतं. या माणसानं शाळेत असेपर्यंत माझे तास खाल्ले होते, त्याच्या भिंती पडल्या तर पडू देत, असं एक घाणेरडं समाधान मला झालं. भिंतीआड कोण झोपणार, ते मी डोक्यात येऊच दिलं नाही. अशी ही मी, पोरांना संस्कृतीचा इतिहास शिकवणारी.

आक्का परत आली. मामा न भेटता गेला म्हणून हिरमुसली. आम्ही सांगितलं, त्याला घरून बोलावणं आलं. शेण गोळा करायला गेली तेव्हा बांधावरच्या काट्यांच्या कुपाटीपाशी तिला ती फुटकी वीट सापडली. दिरानं पुरायचं सोडून नुसती फेकून दिली होती, त्याला तेवढंही धड जमलं नाही. अर्धी वीट हातात घेऊन ती माझ्यापुढं आली आणि हे काय झालं म्हणून विचारलं.

आणि मी तिला समजावून सांगितलं. चुनखड, चुना, पाणी, फुगणं, सगळं क्रमानं. शिकवायचं म्हटलं की मला कुठं थांबावं कळत नाही. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मी संपवल्यावर तिनं विचारलं, मग ढिगातल्या विटा कुठं जाणार हायत. मी म्हटलं, काळजी करू नका आक्का, तुमच्या खोलीला दुसऱ्या येणार आहेत, ह्या होस्टेलला.

"कुणाच्या होस्टेलला?"

मुलींच्या, असं मी सांगितलं. अकरावी-बारावीच्या. खेड्यापाड्यांतून येतात त्यांच्या.

ती अर्धी वीट तिनं माझ्या पायाशी ठेवली आणि म्हशीकडं गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, खोलीच्या काळजीनं गप्प आहे. माणसाला आपल्या सोईचं बरोबर वाटतं.

दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या लाईटची पाळी सकाळची होती. लाईट येताच आक्कानं मोटार चालू केली, उसाकडं जाणारा पाइप ओढून आणला आणि विटांच्या ढिगावर पाणी सोडलं. मी आणि दीर लातूरहून पोचलो तोवर तिनं तीन बाजू भिजवून काढल्या होत्या. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाइप खांद्यावर. विटा तडतडत होत्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडून येत होता. लाल ढिगावर जागोजागी पांढरं फुलत होतं आणि पापुद्रे सुटून खाली पडत होते. दीर मोटार बंद करायला धावला तर ती स्टार्टरच्या पेटीपुढं जाऊन उभी राहिली, पेटीला पाठ लावून. सख्ख्या थोरल्या बहिणीला तो ढकलू शकला नाही. त्यानं शिव्या दिल्या, रडकुंडीला आला, तुझ्याच खोलीचं वाटोळं करायलीस, असं म्हणाला. लाईट गेली तेव्हाच ती तिथून हलली.

सरांचा ट्रॅक्टर दुपारनंतर आला, मागून सर. ढीग अर्धा खचला होता. एरवी दोन मोबाईलवर अखंड बोलणारा माणूस दोन्ही खिशात घालून ढिगाभोवती एक चक्कर मारून आला. मग मला म्हणाले, बाई, तुम्ही तर चांगल्या आहेत म्हणाला होता. दीर माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. मी म्हटलं, खोटं बोलले होते, मला तेव्हाच माहीत होतं. मला वाटलं आता हा माणूस मला फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तर मला बरं वाटलं असतं. तर ते हसले. म्हणाले, अहो, एवढं कशाला मनाला लावून घेता, तुम्ही आधी कानात सांगितलं असतं तरी मी नेल्या असत्या, थोड्या स्वस्तात. आतून-बाहेरून गिलावा, वर ऑइल पेंट. पोरी दोन वर्षं राहतात आणि जातात, भिंतीकडं कोण बघतंय. मग त्यांना फोन आला आणि बोलत बोलत ते गाडीत जाऊन बसले.

ट्रॅक्टर रिकामा गेला. दीर न जेवता लातूरला निघून गेला. विटांचे पैसे गेले म्हणजे आक्काची खोलीही गेली, हे आम्हा तिघांनाही कळलेलं होतं. मी आक्काजवळ गेले. ती हौदावर पाय धूत होती. चुन्यानं तिच्या तळव्यांची सालटी निघाली होती. मी म्हटलं, आक्का, माझं चुकलं. तुमच्या खोलीसाठी म्हणून गप्प बसले.

ती पाय धूत राहिली. मग माझ्याकडं न बघता बोलली, आवाज चढवला नाही.

"माळवदावर माती मी चढवली तवा मला म्हाईत नव्हतं, मास्तरीण. कुणी सांगितलं न्हाई मला. तुला तर सगळं म्हाईत होतं."

पाय पुसून ती शेडमध्ये गेली आणि आत जाताना पत्र्याचं दार लावून घेतलं.